लाथेची शुद्धी

संपादकांनी 'तुमच्या धंद्यातले अनुभव अंकासाठी लिहा' म्हणून गळ घातली, तेव्हा मी त्यांना सांगितलं की माझा धंदा हातांचा आहे, लेखणीचा नव्हे. त्यावर ते म्हणाले, "मग हातांनीच लिहा." वादात मी कुणाला हार जात नाही, पण या माणसाचा कोपर मीच बसवलेला होता आणि तो चांगला बसला होता, त्यामुळे भिडेनं हो म्हणालो.

परळला आमच्या घराण्यात हाडं बसवायचं काम वडलांपासून चालत आलं. आता गादीवर मुलगा बसतो आणि मी शेजारी बसून त्याच्या चुका काढतो. ज्यांची हाडं अजून शाबूत आहेत अशा भाग्यवंतांना या कामाची कल्पना नसणार, म्हणून थोडक्यात सांगतो. हाडवैद्याचं निम्मं काम बोटांचं आणि निम्मं तोंडाचं. बोटांनी चाचपून मोड आडवी आहे की तिरकी, हे हुडकायचं. आणि तोंडानं रोग्याला बोलण्यात गुंतवायचं. तो बायकोविषयी किंवा मुकादमाविषयी तावातावानं सांगू लागला, की मध्येच हिसका द्यायचा. सांगून दिलेला हिसका कधी बसत नाही, कारण माणूस अंग ताठ करतो. मग आंबेहळद आणि रक्त्याबोळाचा लेप, वर कळकाच्या कामट्या, त्यावर घट्ट पट्टी. उरलेलं काम हाड स्वतःच करतं आणि श्रेय आम्हाला मिळतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक गृहस्थ खांदा निखळवून आले. कसा निखळला म्हणून विचारलं, तर म्हणाले, सांगून समजायचं नाही, दाखवतो. आणि दाखवताना दुसरा निखळवला. मी दोन्ही बसवले आणि पुन्हा काही विचारलं नाही.

मी सांगतोय तो काळ गेल्या शतकाच्या शेवटचा. गिरगावात चौकात गणपती बसवायला नुकती सुरुवात झाली होती, आणि परळ-लालबागेत गल्लीगणिक तालीम होती. गिरणीतून सुटलेला माणूस तालमीत जाई आणि तालमीतून सुटलेला माझ्याकडे येई. अशी माणसं हाताखालून गेल्यावर मोड बघून तालीम ओळखण्याचा मला नाद लागला. कुस्तीवाल्याचं हासळीचं, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड जातं. लाठीवाल्याची मोड मनगटाच्या जरा वर, करंगळीच्या बाजूला, कारण डोक्यावर येणारा घाव माणूस हातावर झेलतो. गोरे सोल्जर ठोसे मारतात, त्यात मारणाऱ्याचंच करंगळीच्या बुडाचं हाड मोडतं. एवढ्या मोठ्या राज्याला हे कुणी सांगितलं नाही याचं मला नेहमी नवल वाटे. थोडक्यात, हाडाला जात नसते, पण मोडीला असते, असं मी छातीठोकपणे सांगत असे. आणि एके दिवशी माझ्या दारात अशी मोड आली, की तिची जात मला लागेना.

एक लाठीवाला होता. जबडा निखळलेला, तोंड उघडं ते उघडंच. तो ठोसा विलायती, यात शंका नव्हती. पण घोटाही सुजला होता, आणि तो बाहेरच्या बाजूनं. असा घोटा लाथेनं सुजतो, आणि तशी लाथ आपल्याकडे गाढवाशिवाय कुणी मारत नसे. शिवाय खांदा पिळवटलेला, तो मात्र आपल्या कुस्तीतल्या अस्सल ढाक डावानं. म्हणजे एका माणसाला तीन देशांनी मिळून मारलं होतं. "किती जण होते रे?" मी विचारलं. तोंड मिटत नसल्यामुळे त्यानं एक बोट वर केलं.

अंगठ्यांना फडकं गुंडाळून मी त्याच्या दाढा खाली दाबल्या, जबडा मागे सारला, तो खट्कन बसला. तेव्हा पहिली गोष्ट तो बोलला ती अशी: "लालबागेतला लंगडा कोळी. वैद्यदादा, मी फक्त त्याच्या लंगडण्यावर हसलो होतो."

मी दुसऱ्याच दिवशी त्या कोळ्याला बघायला गेलो. गिरणीच्या भिंतीला लागून एक मोकळा तुकडा होता, त्यावर झावळ्यांची पडवी, समोर भुसभुशीत केलेली जमीन. वस्ताद पडवीतच राहत असे. धोंडू टंडेल त्याचं नाव, वरळीच्या कोळीवाड्यातला. सगळी उमर आगबोटीवर खलाशी म्हणून गेली आणि तिथेच तो टंडेल झाला, म्हणजे खलाशांच्या एका टोळीचा म्होरक्या. मग शिडीवरून पडून कंबरेचा सांधा गेला, कंपनीनं उतरवून दिलं. बायको वारलेली, मूलबाळ नाही, आणि होडी तर केव्हाच भावाच्या नावे झालेली. गिरणीतल्या साचेवाल्यांना आपले हात शिकवणं एवढंच त्याला उरलं होतं. लोक त्या विद्येला 'आगबोटी कुस्ती' म्हणत. काही जण खिचडी म्हणत, पण तिथून लांब उभे राहून.

त्याची शिकवायची रीत वेगळी होती. डावांना नावं नव्हती. बोटीवर ओझं वर चढवताना खलाशी 'हाबेस' ओरडतात आणि खाली सोडताना 'आरिया'. धोंडूही तेच ओरडे. हाबेस म्हटलं की वर काहीतरी जाई, लाथ, गुडघा किंवा समोरचा माणूस. आरिया म्हटलं की तो खाली येई. गणू म्हणून त्याचा एक पठ्ठ्या होता, जाड मानेचा. तो या दोन शब्दांवर असा हाले, की बघणाऱ्याला कुठला डाव कुठे संपला ते कळत नसे.

आता घोटाळा कुठून सुरू झाला ते सांगतो. जागेच्या मालक शेटजींना त्या तुकड्यावर कोळशाची वखार घालायची होती. माणूस धार्मिक, आणि उत्सवात आपलं नाव निघावं अशी इच्छा. त्यांनी सांगितलं की गिरगावच्या गणपती-उत्सवाच्या मंडळींनी ही विद्या देशी आहे असा दाखला दिला, तर जागा तालमीला कायमची सोडतो. नाहीतर गणपती उठले की कोळसा पडेल. धोंडू माझ्याकडे आला. "वैद्यदादा, तुमी सगल्या तालमींची हाडं बघता. तुमी चला माज्यासंगती," तो म्हणाला. मला कुणी साक्षीला बोलावलं की आवडतं. मी धुतलेलं पागोटं काढलं.

गिरगावातल्या एका वाडीच्या चौकात रविवारी मंडळी जमली. अध्यक्ष अण्णासाहेब, सरकारी कचेरीत हेडक्लार्क, सज्जन माणूस. पण कुठलीही गोष्ट दिसली की ती कोणत्या सदराखाली घालायची याचीच त्यांना चिंता. त्यांच्या शेजारी शास्त्रीबुवा. मेळ्यात फक्त देशी मर्दानी खेळ दाखवायचे, असा ठराव मंडळींनी केलेलाच होता.

"या विद्येची परंपरा कोणती? गुरू कोण?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"गुरू पुष्कल," धोंडू म्हणाला. "एक चिनी भटारी व्हता. भातान मीठ जास्ती झाला असा मी बोल्लो, तवा त्यानं मना लाथ मारली."

"ते असो. शिकवलं कुणी?"

"त्यानंच की ओ."

"त्यांनी तर मारलं."

"हां. तेच."

अण्णासाहेबांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. धोंडू पुढे सांगत गेला. ठोसा बोटीच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्या एका गोऱ्या आगवाल्याचा, गुडघा मलबारकडच्या एका खलाशाचा, डोक्याची धडक एका शिद्द्याची, आणि ढाक वरळीच्या देवळामागे थोरल्या भावानं शिकवलेला, तोही मारूनच. अण्णासाहेब म्हणाले, "याला पुरावा काय?" तेव्हा मी उठलो.

मी धोंडूला अंगरखा काढायला लावला आणि मंडळींसमोर त्याचं अंग चाचपलं. आयुष्यात एवढं मोडून जुळलेलं शरीर मी दुसरं पाहिलं नाही. नडगीवर जुनी गाठ, तो चिनी भटारी. जबड्याच्या कोनाशी उंचवटा, तो आगवाला. दोन बरगड्या एकीवर एक चढलेल्या, तो मलबारी. कपाळाच्या हाडाला खोक, तो शिद्दी. हासळी दोनदा मोडलेली, तो भाऊ. मी एकेका गाठीवर बोट ठेवून मोठ्यानं सांगत गेलो, आणि खोटं कशाला बोलू, मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

अण्णासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे यातली देशी हाडं फक्त हासळीची?"

"हाडं सगली माजीच हायेत, सायेब," धोंडू म्हणाला. तो पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात बोलला. "मारनारे नाना देशांचे व्हते. त्यांची बोली मना कलली नाय. पन मी समद्या वक्ताला 'आये'च वरडलो. मार खाल्ला तो मी, हाड मोडला तो माजा, मग विद्या दुसऱ्या कुनाची कशी व्हयल?"

मला वाटलं, झालं, दाखला मिळाला. पण अण्णासाहेब म्हणाले की भावना रास्त आहे, परंतु ठरावात भावनेची सोय नाही. तेव्हा परदेशी भाग वगळून फक्त देशी भाग करून दाखवावा.

धोंडूनं गणूला पुढे केलं. बिचाऱ्यानं प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पुढे झाला, मध्येच थांबला, कारण पुढचं पाऊल चिनी होतं. मग हात वर केला आणि खाली घेतला, कारण तो वर न्यायचा हेतू विलायती होता. शेवटी अर्धा ढाक घालून एका पायावर उभा राहिला आणि वस्तादाकडे पाहू लागला. वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाई गॅलरीतून म्हणाल्या, "अगो बाई, याच्या अंगात येतंय वाटतं," आणि त्यांनी आतून अंगारा पाठवला.

शेवटी तोड शास्त्रीबुवांनी काढली. ते स्वभावानं दयाळू होते. "समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला प्रायश्चित्त आहे," ते म्हणाले. "समुद्र ओलांडून आलेल्या लाथेला नाही, असं मी तरी कुठे वाचलेलं नाही."

मंडळींना हे एकदम पटलं. प्रश्न एवढाच राहिला, की दोष कुणाला. शास्त्रीबुवांच्या मते टंडेलाला दोष नव्हता, समुद्रावर जाणं हा कोळ्याचा स्वधर्मच. दोष लाथेला. तेव्हा डावा पाय पंचगव्यानं धुवायचा ठरलं, आणि ठोशासाठी दोन्ही मुठी.

"उजवा पाय नको?" धोंडूनं विचारलं.

"त्यानं काय करता?"

"उभा ऱ्हातो."

"मग तो देशीच," शास्त्रीबुवा म्हणाले.

शुद्धी दुसऱ्या रविवारी यथासांग झाली. धोंडू पाटावर बसून पाय परातीत सोडून होता आणि त्याच्या तोंडावरची माशी हलत नव्हती. मला हसू येत होतं आणि त्याच्याकडे पाहिलं की जात होतं. जागा वाचत असेल तर डोकंसुद्धा परातीत घालीन, असं तो मला येताना म्हणाला होता.

शुद्धीनंतर नामकरण. लाथेला 'वामपार्ष्णिप्रहार', ठोशाला 'दक्षिणमुष्टिनिपात' अशी नावं शास्त्रीबुवांनी काढली आणि हाबेस-आरिया बंद केलं, कारण ते शब्द कोणत्या भाषेतले हेच कुणाला सांगता येईना. अण्णासाहेबांनी दाखल्यावर सही केली. ही विद्या प्राचीन असून मध्यंतरी समुद्रापार गेली होती, असं त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं. आम्ही वाडीबाहेर आल्यावर पेढे घेतले. धोंडूनं आपला पेढा कागदात बांधून ठेवला. शेटजींनी जागा दिल्यावर मातीत पहिल्यांदा नैवेद्य ठेवायचा, असं त्याच्या मनात होतं.

राहिलं होतं ते शेटजींसमोर करून दाखवणं. लालबागेत त्याच मैदानात खुर्च्या मांडल्या. गणूच्या समोर उभा राहिला तो माझा जुना रोगी, जबडावाला लाठीवाला. त्याला सूड उगवायचा होता. डावांची नावं घ्यायला शास्त्रीबुवा स्वतः बसले, कारण धोंडूच्या जिभेला ती वळत नव्हती.

"वामपार्..." शास्त्रीबुवांनी सुरुवात केली. गणू शिकवलेला पोर, नाव पुरं झाल्याशिवाय हलायचं नाही हे त्याला बजावलेलं. "...ष्णिप्र..." तेवढ्यात लाठी त्याच्या खांद्यावर बसली. "...हार," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि गणूनं लाथ मारली, पण तिथे आता कुणी नव्हतं. पुढचं नाव त्याहून लांब होतं. गणू ते ऐकत उभा राहिला आणि मार खात राहिला. उच्चार मात्र निर्दोष होते. अण्णासाहेब मान डोलावत होते, आणि प्रत्येक फटक्याला धोंडू जागच्या जागी लहान होत होता. मी त्याच्या शेजारीच होतो. "वरड की रे," मी त्याला म्हटलं. "एकदा वरड."

"वरडलो तर दाखला जायल," तो म्हणाला. ओठ घट्ट मिटून तो बघत राहिला. गणूची हासळी मोडल्याचा आवाज मी खुर्च्यांपाशी ऐकला. त्या आवाजात माझी कधी चूक होत नाही.

शेटजी उठले. त्यांना राग आला नव्हता, वाईटच वाटलं होतं. "विद्या देशी आहे, याविषयी माझी खात्री झाली," ते म्हणाले. "पण ही तर मार खाते. अशी विद्या ठेवून काय करायचं?" गणपती उठले आणि त्या आठवड्यात कोळशाच्या गाड्या आल्या.

दाखला धोंडूकडेच राहिला. त्याचं काय केलं कुणास ठाऊक. गणूची पट्टी सोडायच्या दिवशी तो माझ्याकडे आला, गणूच्या खांद्यावरून हात फिरवून बघितला, बरा जुळलाय म्हणाला. मग म्हणाला की एका बोटीवर भटाऱ्याच्या हाताखाली जागा मिळतेय, लंगडा चालतो. मी म्हटलं, "या कंबरेनं परत दर्यावर? मरशील." तो म्हणाला, "जमिनीवर तरी कुठं जगू देतात, वैद्यदादा." असा माणूस गावाला असावा आणि गावाला त्याच्यासाठी चार हात माती सापडू नये, याची चीड मला आज म्हातारपणीही येते. लिहितानाही आली, म्हणून अक्षर लागतंय ना हे बघायला वरची ओळ मुलाकडून दोनदा वाचून घेतली.

नंतर गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची वर्षं आली. तालमी ओस पडल्या, गिरणीवाले गावाला पळाले, गणूही कोकणात गेला तो तिकडेच राहिला. आगबोटी कुस्ती शिकलेला एकही माणूस परळ-लालबागेत उरला नाही. माझ्याकडे पुन्हा साध्या, सरळ, जातीच्या मोडी येऊ लागल्या.

शतक सरता सरता शिवडीकडचा एक खलाशी एका परदेशी दर्यावर्द्याला खांद्याचा आधार देत घेऊन आला. तांबड्या केसांचा, अंगानं दांडगा. तोंड उघडं, जबडा निखळलेला. बोट त्याच्या देशाचं बंदर सोडून निघाली तेव्हापासून तसाच होता म्हणे, बोटीवरच्या डॉक्टरला बसवता आला नव्हता. पेज ओतून जिवंत ठेवलेला. मी बसायला सांगितलं तर तो लंगडला. घोटा पाहिला. बाहेरच्या बाजूनं सुजलेला. माझे हात थांबले. मी न विचारता त्याच्या खांद्याला हात घातला, आणि तो पिळवटलेलाच होता.

इतक्या दिवसांचा जबडा बसवायला बराच वेळ लागला. बसल्यावर त्यानं तो हळूहळू हलवून पाहिला, डोळ्यांतलं पाणी पुसलं, आणि बोटानं जबडा दाखवून म्हणाला, "बॉम्बे." मग घोटा दाखवून म्हणाला, "बॉम्बे."

खलाशी हसायला लागला. "ते लोक त्या मारामारीला असंच म्हणतात, वैद्यबुवा. त्यांच्या बंदरात मोठं नाव झालंय. आपल्याकडला एक लंगडा म्हातारा शिकवतो. हा गडी दारू पिऊन त्याच्या चालण्यावर हसला."

"ओरडतो का तो? मारायच्या आधी?"

"हाबेस ओरडतो. आता तिथली गोरी पोरंसुद्धा ओरडतात."

"आणि जागा?" मी विचारलं. "शिकवायला जागा कुठली?"

"बंदरावर कोळशाची वखार आहे. तिच्या मालकानं अर्धी रिकामी करून दिली. विद्या कुठली, कुणाची, काही विचारलं नाही म्हणतात. त्याचा मुलगाच जातो शिकायला."

त्या तांबड्या केसांच्या माणसाचा घोटा मी घरच्या माणसाचा बांधावा तसा बांधला. त्याला ते समजलं नसावं.

संध्याकाळी मी गिरगावात अण्णासाहेबांकडे गेलो. त्यांचा खांदा आखडला होता आणि मी आठवड्यातून एकदा तेल लावायला जात असे. पाट टाकून त्यांना बसवलं आणि चोळता चोळता सगळी हकिकत सांगितली. ते डोळे मिटून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांची मुद्रा उजळली.

"पाहिलंत?" ते म्हणाले. "साता समुद्रांपार आपल्या विद्येचा डंका. वृत्तपत्रात पत्र घालायला हवं. ती विद्या अस्सल आपली आहे, हे मी तेव्हाच लिहून दिलं होतं."

माझा अंगठा खांद्याच्या खोबणीत होता, आणि तो जरा जास्तच आत गेला.

"आई गं," अण्णासाहेब ओरडले.

"हं," मी म्हटलं. "आता ती आपली."